डाकबंगला गार राहत नाही, गार ठेवावा लागतो

मे महिन्यात दुपारी तीन वाजता आमच्या गावच्या बाजारपेठेत चिटपाखरू नसतं. शटर अर्धी खाली ओढलेली, घराघरांतून कूलरची घरघर, आणि डांबराला चप्पल चिकटेल असं ऊन. अशा वेळी गावाबाहेरच्या बर्डीवरच्या, म्हणजे उंचवट्यावरच्या, जुन्या रेस्ट हाऊसात शिरलं की पहिली दोन मिनिटं डोळ्यांना काही दिसत नाही, पण अंगाला कळतं. झळ उंबरठ्यापाशीच थांबलेली असते. माझ्या लहानपणी तिथे ना एसी होता, ना कूलर.

माझे आबाजी त्या बंगल्यावर चौकीदार होते. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी त्यांच्या मागेमागे फिरायची. एकदा भर दुपारी त्यांनी मला पश्चिमेच्या व्हरांड्याच्या टोकाला नेलं, जिथे भिंतीवर थेट ऊन येतं, आणि म्हणाले, "भितीले हात लाव." हात पोळला. मग आत नेऊन त्याच भिंतीच्या दुसऱ्या अंगाला हात लावायला सांगितला. माठासारखी गार. "इकडची आग तिकडं पोचेपर्यंत रात होते," ते म्हणाले. पुढे मी पॉलिटेक्निकात स्थापत्य शिकले, तेव्हा त्या एका वाक्यामागची आकडेमोड कळली. विदर्भात तालुक्या-तालुक्याला आणि जंगला-जंगलात असे सरकारी बंगले उभे आहेत. त्यांच्याजवळून आपण रोज जातो, पण ते तसे का बांधले हे फारसं कुणी सांगत नाही.

आधी नावांचा गुंता सोडवू. आपण सरसकट 'रेस्ट हाऊस' म्हणतो, म्हातारी माणसं 'डाकबंगला' म्हणतात, आणि पाटीवर 'शासकीय विश्रामगृह' लिहिलेलं असतं. मुळात ही वेगवेगळी घरं. डाकबंगला हा टपालाच्या रस्त्यावरचा. हरकारे आणि घोडे टप्प्याटप्प्याने बदलत टपाल पुढे जायचं, त्याच वाटेवर साधारण एका दिवसाच्या मजलेवर, दहा-पंधरा मैलांच्या अंतराने, सरकारने प्रवाशांसाठी बंगले बांधले. सर्किट हाऊस जिल्ह्याच्या ठिकाणी, दौऱ्यावर येणाऱ्या वरिष्ठ साहेबांसाठी. इन्स्पेक्शन बंगला तलाव, कालवे, रस्ते यांची पाहणी करणाऱ्या इंजिनिअरसाठी, म्हणून तो बहुधा धरणाच्या भिंतीजवळ किंवा घाटाच्या तोंडाशी सापडतो. आणि वनविश्रामगृह जंगल खात्याचं. नावं वेगळी असली तरी बांधणीचं व्याकरण जवळपास एकच.

हे व्याकरण इकडे आलं कधी? १८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली दिलं. त्याच डिसेंबरात नागपूरचे तिसरे रघुजी भोसले वारले आणि १८५४ मध्ये डलहौसीने त्यांचं राज्य खालसा केलं. सार्वजनिक बांधकाम खातंही डलहौसीच्याच काळात, त्याच सुमाराला उभं राहिलं. म्हणजे मुलूख आणि तो बांधून काढणारं खातं इंग्रजांच्या हाती जवळजवळ एकदमच आलं. १८६१ मध्ये नागपूर राजधानी असलेला मध्यप्रांत झाला, १८६७ मध्ये रेल्वे नागपूरला पोहोचली, आणि १९०३ मध्ये वऱ्हाड मध्यप्रांताच्या कारभाराला जोडलं गेलं.

त्या काळी कारभार कचेरीत बसून व्हायचा नाही. पावसाळा संपला, काळ्या मातीतले रस्ते वाळले, की जिल्ह्याचा डेप्युटी कमिशनर (आपल्याकडे कलेक्टरला तेव्हा हेच नाव होतं) महिनोन्‌महिने दौऱ्यावर असायचा. तंबू, बैलगाड्या, कारकून, पेट्या, सगळं लटांबर सोबत. जिथे मुक्काम तिथे कचेरी. ज्या वाटेवर वारंवार जावं लागे तिथे तंबूऐवजी पक्कं छप्पर आलं. जंगलातही तेच घडलं. १८६५ आणि १८७८ च्या वनकायद्यांनी जंगल सरकारी झालं, मग त्यावर नजर ठेवणारा अधिकारी राहणार कुठे? मेळघाटात सिपना नदीच्या वळणावर कोलकासचं विश्रामगृह आहे, तिकडे ताडोबाच्या तळ्याकाठी आहे. चिखलदऱ्याची गोष्ट थोडी वेगळी. १८२३ मध्ये कॅप्टन रॉबिन्सन नावाच्या इंग्रजाने ती जागा हेरली. समुद्रसपाटीपासून ११०० मीटरच्या वर असल्यामुळे तिथली हवाच बरंचसं काम करते, भिंतीला फार कष्ट पडत नाहीत. खरी परीक्षा खालच्या मैदानातल्या बंगल्यांची.

आता इमारतीकडे वळू. आपला वऱ्हाडातला जुना वाडा आत पाहतो. बाहेरून उंच, जवळजवळ आंधळी भिंत, आणि मधे चौक. चौकात सावली, तुळस, धान्याची उतरंड, सगळं जगणं चौकाभोवती. बंगला नेमका उलटा. त्याला चौक नसतो, मधे दिवाणखाना असतो, आणि उघडी बाजू, म्हणजे व्हरांडा, बाहेरून चहूकडे फिरवलेला. वाडा गावात, दुसऱ्याच्या भिंतीला भिंत लावून उभा. बंगला गावापासून दूर, मोठ्या आवारात एकटा. 'बंगला' हा शब्दच बंगालच्या झोपडीवरून आला. उतरत्या छपराचं, पुढे ओसरी असलेलं तिथलं घर इंग्रजांनी उचललं, फुगवलं, आणि देशभर नेलं. एकटं उभं राहण्याचा फायदा हा की चारी बाजूंनी वारा मिळतो. तोटा हा की चारी बाजूंनी ऊनही मिळतं. पुढची सगळी कारागिरी या एका तोट्याशी झुंजण्याची आहे.

सुरुवात जमिनीपासून. आपल्याकडे गावच्या जमिनीचे दोन भाग: काळी आणि पांढरी. काळीत पेरायचं, पांढरीत राहायचं. यामागे मोठा अनुभव आहे. कपाशीची काळी माती पावसात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून तिला पाय जाईल एवढ्या भेगा पडतात. दरवर्षी वरखाली होणाऱ्या अशा जमिनीवर भिंत उभी केली की भिंतीलाही भेग जाते. म्हणून बंगल्यासाठी जागा निवडली ती बर्डीची, मुरमाची. जिथे काळी टाळता आली नाही तिथे मुरूम लागेपर्यंत पाया खणला. आमच्या बंगल्याचं जोतं अडीच-तीन फूट उंच आहे. त्यामुळे पावसाचं पाणी, विंचू-साप आणि उधई (वाळवी) यांच्यापासून अंतर राहतं, आणि वाराही जरा वरून, धूळ खाली ठेवून आत येतो.

भिंती दीड ते दोन फूट जाड. पश्चिम विदर्भात काळा दगड भरपूर, म्हणून दगडाच्या. नागपूरच्या पूर्वेला हा काळा पाषाण संपत जातो, तिकडे विटा आणि इतर दगड दिसतात. इतकी जाडी वजन पेलायला लागत नाही, वरचं छप्पर काही फार जड नसतं. जाडी लागते ती वेळ काढायला. उन्हाने तापलेला बाहेरचा पृष्ठभाग ती उष्णता आत ढकलतो, पण दगडाचा एकेक थर आधी स्वतः तापतो आणि मगच पुढच्याला देतो. दीड फुटी भिंतीत हा प्रवास साधारण दहा-बारा तासांचा होतो. दुपारी तीनची आग आतल्या बाजूला पोहोचते मध्यरात्रीनंतर. तोवर बाहेरची हवा निवलेली असते. आताच्या चार-पाच इंची स्लॅबला यासाठी तीन-चार तास पुरतात, म्हणून स्लॅबच्या घरात संध्याकाळी सात वाजता छतातून भट्टी पेटल्यासारखं वाटतं आणि आपण गादी उचलून गच्चीवर जातो.

पण, आणि हे फार महत्त्वाचं, मध्यरात्रीनंतर आत पोहोचलेली उष्णता बाहेर कुणी काढायची? इथे आबाजींचं काम सुरू व्हायचं. उन्हाळ्यात ते पहाटे चारच्या आधी उठायचे. सगळी दारं, खिडक्या, वरचे झरोके उघडायचे. पहाटेचा वारा खोल्यांतून वाहून भिंतीतली ऊब धुऊन न्यायचा. आठ वाजले, ऊन तिरपं आत येऊ लागलं, की खालचं सगळं बंद. जाड सागवानी झडपा लावून अंधार करायचा. वरचे झरोके मात्र उघडेच. सूर्य बुडून झळ ओसरली की पुन्हा सगळं उघडायचं. हा नेम एक दिवस चुकला की दुसऱ्या दिवशी खोली तापलेली, आणि दोन दिवस चुकला तर भिंत इतकी साठवून बसायची की तिसऱ्या दिवशी उघडूनही फरक पडायचा नाही. मी हे डोळ्यांनी पाहिलं आहे. घरात लग्न होतं, आबाजी चार दिवस नव्हते, आणि परत आले तेव्हा तो गार बंगला इतर घरांसारखाच झाला होता. दगडाला स्वतःहून थंड राहता येत नाही. त्याला रोज रिकामं करावं लागतं, आणि ते करणारा माणूस हा त्या इमारतीचाच भाग होता.

व्हरांड्याचं गणित मला सगळ्यात सुंदर वाटतं. विदर्भ साधारण २१ अंश उत्तर अक्षांशावर आहे. मेच्या शेवटच्या आठवड्यात, नागपूरला २६ मेच्या सुमारास, सूर्य भर दुपारी नेमका डोक्यावर येतो. हाच तो शून्य सावलीचा दिवस, उभ्या काठीची सावली काठीच्याच पायाशी लपते. म्हणजे उन्हाळ्यात दुपारचं ऊन भिंतीवर पडतच नाही, ते छपरावर पडतं. भिंतींना छळतं ते सकाळी पूर्वेचं आणि चार-पाच वाजता पश्चिमेचं तिरपं ऊन. म्हणून या दोन बाजूंना व्हरांडे खोल आणि पुढचं छप्पर खाली उतरलेलं, कुठे त्याला बांबूच्या चिकाही लावलेल्या. उलट डिसेंबरात दुपारचा सूर्य दक्षिणेला फक्त ४५ अंश उंच असतो. दक्षिण व्हरांड्याच्या छपराची कड जमिनीपासून नऊ फूट असली, तर ४५ अंशांचं ऊन बरोबर नऊ फूट आत सरकतं. आमच्या व्हरांड्याची खोली दहा फूट आहे. थंडीत ऊन जवळजवळ सगळी फरशी व्यापतं आणि भिंतीच्या एक फूट अलीकडे थांबतं. जानेवारीत साहेबांच्या खुर्च्या दक्षिणेच्या व्हरांड्यात का मांडलेल्या असायच्या ते यातून कळतं. मी टेप लावून मोजलं तेव्हा हे बांधणाऱ्या अनाम मिस्त्रीला मनोमन हात जोडले.

आता छप्पर, कारण दुपारचा खरा मार तिथेच. सागवानी लाकडाच्या त्रिकोणी कैच्या, त्यांवर वासे, त्यांवर कवेलू, म्हणजे कौलं. आधी गावच्या कुंभाराचे नळीदार कवेलू दुहेरी थरात असायचे, पुढे मंगलोरी आले. मंगळूरला बासेल मिशनने १८६५ मध्ये कारखाना काढला, आणि रेल्वेने ते चपटे, एकमेकांत अडकणारे कवेलू दूरदूर पोहोचले. कवेलूंच्या फटींतून पाणी येत नाही पण हवा जाते. त्याखाली लाकडी तक्तपोशी, म्हणजे फळ्यांचं आतलं छत. कवेलू आणि तक्तपोशी यांच्या मधल्या त्रिकोणी पोकळीत हवा तापते आणि फटींमधून निघून जाते. खाली खोलीची उंची सोळा-अठरा फूट. गरम हवा हलकी, ती वर चढते आणि भिंतीच्या वरच्या झरोक्यांतून बाहेर पडते. माणूस राहतो खालच्या सहा फुटांत, उरलेली उंची उष्णतेसाठी मोकळी सोडलेली. उंच छत म्हणजे साहेबी थाट असं अनेकांना वाटतं. थाट असेलही, पण काम त्याहून मोठं.

आणि वाळ्याची ताटी. पश्चिमेच्या दाराला वाळ्याच्या मुळांची ताटी बांधायची आणि तिच्यावर सारखं पाणी शिंपडायचं. विदर्भाची मेमधली हवा कोरडीठाक असते. कोरडी हवा ओल्या मुळांतून आत येताना पाणी पिऊन घेते, पाण्याची वाफ होते, आणि वाफ व्हायला लागणारी उष्णता त्याच हवेतून जाते. बाहेर ४५ असताना आतला झोत दहा-बारा अंशांनी सहज उतरतो. आपला कूलर म्हणजे हीच ताटी, पंखा जोडलेली. मुंबई-कोकणात हा उपाय चालत नाही, कारण तिथली हवा आधीच पाणी पिऊन बसलेली. आणि ताटीची हवा आत यायची तर जुनी हवा बाहेर जायला हवी. वरचे झरोके दिवसाही उघडे का ठेवायचे, त्याचं उत्तर हे.

इतकं सगळं कौतुकाने सांगितल्यावर मागच्या दाराकडेही जायला हवं. जुन्या बंगल्याचा नकाशा पाहा: मधे जेवणाचा दिवाणखाना, दोन्ही बाजूंना एकेक झोपायची खोली, प्रत्येक खोलीच्या मागे न्हाणी, आणि न्हाणीला बाहेरून उघडणारं एक अरुंद दार. ते दार भंगीकाम करणाऱ्या माणसासाठी होतं. त्याने दिवाणखान्यातून जायचं नाही, व्हरांड्यातून जायचं नाही, मागून यायचं आणि मागून जायचं. आमच्या बंगल्यातल्या त्या दाराची चौकट इतकी बुटकी आहे की मोठ्या माणसाला वाकावंच लागतं. स्वयंपाकघर आवारात पन्नासेक फूट दूर, धूर आणि आगीच्या भीतीने. खानसाम्याने पावसातही ताटं झाकून पळत आणायची. दिवाणखान्याच्या भिंतीत वर एक बोटभर भोक आहे. पंख्याची दोरी तिथून बाहेर व्हरांड्यात जायची आणि तिथे एक माणूस रात्रभर ती ओढत बसायचा. आत झोपणाऱ्याची झोप त्याच्या हाताच्या हालचालीवर होती.

आणि साहेबाचा मुक्काम पडला की आसपासच्या गावांतून रसद निघायची: दूध, कोंबड्या, अंडी, सरपण, घोड्यांना गवत. ओझी वाहायला माणसं. मोल कधी मिळायचं, कधी नाही. याला वेठ म्हणत. मेळघाटात कोरकूंनी, चांद्याकडे गोंड-माडियांनी ही वेठ भरली. आबाजींच्या आजीला तो बंगला 'कोंबड्या खाणारा' म्हणूनच ठाऊक होता. इमारतीची कारागिरी खरी आणि ही वेठही खरी, एक सांगताना दुसरी गाळली तर आपल्याच माणसांचं देणं बुडवल्यासारखं होईल.

१९५६ च्या १ नोव्हेंबरला विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, नागपूरचं राजधानीपण संपलं, आणि १९६० मध्ये महाराष्ट्र झाला. १९५३ च्या नागपूर करारात विधिमंडळाचं एक अधिवेशन नागपूरला घेण्याचं ठरलं होतं. त्यामुळे दर हिवाळ्यात मुख्यमंत्र्यांचं रामगिरी, उपमुख्यमंत्र्यांचं देवगिरी, मंत्र्यांचं रविभवन, राज्यमंत्र्यांचं नागभवन ही नावं आपल्या कानांवर येतात. त्या काही दिवसांत आपण सगळे तिकडे डोळे लावून असतो. खेड्यातल्या बंगल्यांना मात्र तेव्हाही कुणी विचारत नाही. दिल्लीचं राष्ट्रपती भवनसुद्धा, ल्युटेन्सने १९१२ ते १९२९ मध्ये बांधलेलं ३४० खोल्यांचं, सावलीसाठी खोल छज्जे आणि ओवऱ्यांवरच भिस्त ठेवतं. माप बदललं तरी ऊन तेच.

आमच्या बंगल्याची काही वर्षांपूर्वी दुरुस्ती झाली. मन लावून केली असेलही, पण त्यात तीन गोष्टी बिघडल्या. व्हरांड्याची एक बाजू ॲल्युमिनियमच्या खिडक्या लावून बंद केली, 'एक खोली वाढली' म्हणून. खोल्यांना प्लास्टर ऑफ पॅरिसचं खोटं छत लावलं, दहा फुटांवर, त्यामुळे झरोके त्याच्या वर अडकले आणि गरम हवेला वाटच राहिली नाही. मग एसी आला. आणि जुन्या चुन्याच्या भिंतींवर सिमेंटचा गिलावा झाला.

हे तिसरं सगळ्यात वाईट, म्हणून जरा सविस्तर. जुन्या भिंतीत चुना आहे. दगडी चाकाच्या घाणीत बैल फिरवून, रेती आणि विटांची सुरखी घालून मळलेला, कुठे गूळ आणि बेलफळाचं पाणी घातलेला. असा चुना श्वास घेतो. जमिनीतली ओल भिंतीत चढते, पण चुन्यातून हळूहळू बाहेर पडून सुकते. सिमेंट ही वाट बुजवतं. ओल आतच कोंडते, वर चढत राहते, आणि सोबत आणलेले क्षार गिलाव्यामागे साचतात. दुसऱ्याच पावसाळ्यात गुडघ्याएवढ्या उंचीवर रंग फुगला. मी नखाने टोकरलं तर पापुद्रा निघाला आणि मागे पांढरा, मिठासारखा खार. जिभेला लावला, खारट होता. दीडशे पावसाळे पाहिलेली भिंत दोन वर्षांत आतून भुसभुशीत व्हायला लागली होती.

यावर उपाय आहे, आणि तो महागडा नाही. सिमेंटचा गिलावा काढून चुन्याचाच लावायचा. चुना अजून मिळतो, फक्त तो लावणारा मिस्त्री शोधावा लागतो. आमच्याकडे अचलपूरकडचे एक काका आहेत, सत्तरीचे, मशिदी आणि वाड्यांची कामं केलेले. त्यांनी भिंत ठोकून पाहिली, कान लावून ऐकली आणि म्हणाले, "आतून भरीव हाये अजून. वाचते."

यंदा मार्चमध्ये अर्ज-विनंत्या करून एका खोलीचं खोटं छत उतरवायची परवानगी मिळाली. वर धूळ, कबुतरांची घरटी, आणि झरोक्यांच्या आठ झडपा जशाच्या तशा, सागवानी, एकाही झडपेला उधई नाही. मधल्या खिळीवर त्या फिरतात आणि खालून दोरीने ओढून उघडतात. दोऱ्या तेवढ्या कुजल्या होत्या. मी बाजारातून नवी सुती दोरी आणली. आता तिथे चौकीदाराचं पद भरलेलं नाही, म्हणून पहाटे चारला उठून दारं उघडायला आवारामागे राहणारं एक कुटुंब तयार झालं आहे. त्यांच्या मुलीला मी झडपांचा क्रम शिकवला: आधी पूर्वेच्या, मग उत्तरेच्या, पश्चिमेच्या सगळ्यात शेवटी.